चार नंबरची जागा

टिम डंकन हा बास्केटबॉलच्या इतिहासातला सर्वश्रेष्ठ पॉवर फॉरवर्ड, म्हणजे चार नंबरचा खेळाडू, असं म्हटलं की समोरून एक हरकत हमखास येते. तो मुळात पॉवर फॉरवर्ड नव्हताच, सेंटर होता. उंची सहा फूट अकरा इंच, खेळ सगळा रिंगखालचा, आणि कारकिर्दीच्या शेवटी तर उघडउघड सेंटरचंच काम करत होता. सॅन अँटोनिओ स्पर्सनी कागदावर फॉरवर्ड लिहिलं म्हणून कार्ल मलोन, चार्ल्स बार्कली आणि केव्हिन गार्नेट यांच्या रांगेत त्याला का बसवायचं?

मी नागपुरात मुलींना बास्केटबॉल शिकवते, स्वतः पोस्टवर खेळलेली आहे, आणि ही हरकत मला अजिबात मान्य नाही. या जागेचा इतिहासच सेंटरच्या जागेवरून बाजूला झालेल्या खेळाडूंचा आहे.

बॉब पेटिट लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा सेंटर होता. १९५४ मध्ये तो एनबीएत आला तेव्हा उंची होती सहा फूट नऊ इंच, पण अंगानं किरकोळ. व्यावसायिक खेळातल्या धक्काबुक्कीत मधल्या जागेवर तो टिकणार नाही, म्हणून हॉक्स संघानं त्याला फॉरवर्डला आणलं. तिथून तो रिंगकडे तोंड करून शॉट घ्यायचा आणि चुकला की स्वतःच्याच चेंडूमागे आत घुसायचा. १९५६ मध्ये लीगनं सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार सुरू केला, तो पहिला त्याला मिळाला. १९५८ च्या अंतिम मालिकेतल्या सहाव्या सामन्यात त्यानं बोस्टनविरुद्ध ५० गुण केले आणि हॉक्स विजेते झाले. पुढे २०,००० गुणांचा टप्पा गाठणाराही तोच पहिला.

एल्विन हेजचंही तेच. विद्यापीठात आणि नंतर रॉकेट्सकडे तो सेंटर म्हणून नावाजला. १९७२ मध्ये बुलेट्सकडे गेला तर तिथे मध्ये वेस अनसेल्ड पाय रोवून उभा होता, हेजपेक्षा बुटका पण हलवता न येणारा. हेज फॉरवर्ड झाला आणि १९७८ मध्ये दोघांनी मिळून वॉशिंग्टनला विजेतेपद मिळवून दिलं. बोस्टनला केव्हिन मॅकहेल होता, त्याच्या शेजारी सेंटरला रॉबर्ट पॅरिश. बांध्यानं खरा चार नंबरचा म्हणावा असा बार्कली. जेमतेम साडेसहा फुटांचा, तरी १९८६-८७ मध्ये रिबाउंडमध्ये सगळ्यांच्या वर. आणि मलोन. पण अशांवरून नियम ठरवायचा, तर पेटिटलाच या यादीतून काढावं लागेल.

१९९७ मध्ये डंकन सॅन अँटोनिओला पहिल्या क्रमांकानं निवडून आला तेव्हा तिथे डेव्हिड रॉबिन्सन हा सेंटर होता, लीगचा माजी सर्वोत्तम खेळाडू. आदल्या हंगामात तो जखमी असल्यामुळे स्पर्सनी ८२ पैकी फक्त २० सामने जिंकले होते. नव्या मुलानं शेजारची जागा घेतली, तक्रार न करता. हा मुलगा व्हर्जिन बेटांतल्या सेंट क्रॉईचा. लहानपणी त्याला जलतरणपटू व्हायचं होतं. १९८९ च्या ह्यूगो वादळानं बेटावरचा मोठा तलाव उद्ध्वस्त केला, आणि पुढच्या वर्षी, चौदाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, आई कर्करोगानं गेली. पदवी पूर्ण करीन असा शब्द त्यानं आईला दिला होता. वेक फॉरेस्ट विद्यापीठात तो चारही वर्षं थांबला आणि मानसशास्त्राची पदवी घेऊनच बाहेर पडला. त्या काळात पहिल्या क्रमांकाच्या योग्यतेचा खेळाडू सहसा इतका थांबत नसे.

त्याच्या खेळाविषयी बोलायचं तर बोर्डवरच्या शॉटपासून सुरुवात करावी लागते. रिंगच्या डाव्या बाजूला, साधारण पंचेचाळीस अंशांत, तो चेंडू घेऊन वळायचा, एक पाऊल पुढे टाकून बचावपटूला मागे रेटायचा आणि बोर्डवरच्या चौकोनाचा वरचा कोपरा साधायचा. कॅरममध्ये कड घेऊन सोंगटी भोकात घालणारा कसलेला हात असतो, तसा तो हात होता. सगळ्यांना ठाऊक असायचं की हाच शॉट येणार, तरी तो अडवता यायचा नाही. माझ्या मुली आता पहिल्या दिवसापासून तीन गुणांच्या रेषेबाहेर जाऊन उभ्या राहतात. मी त्यांना आधी बोर्ड शिकवते, कारण त्याला उडी लागत नाही, पायांची शिस्त लागते. ब्लॉकचंही तसंच. प्रेक्षकांत चेंडू भिरकावून टाळ्या घेणं त्याला सहज जमलं असतं. तो बोटांनी चेंडू मैदानातच ठेवायचा, म्हणजे आपल्याच माणसाला मिळावा.

त्याला सगळं आयतं मिळालं, ग्रेग पोपोविचसारखा प्रशिक्षक आणि भोवती चांगला संघ, असं म्हणणाऱ्यांना मी २००३ चं वर्ष दाखवते. रॉबिन्सन ३७ वर्षांचा, निवृत्तीच्या दारात. टोनी पार्कर विशीतला, मनू जिनोबिलीचा एनबीएतला पहिलाच हंगाम. लेकर्स सलग तीन वेळा विजेते. त्यांना बाहेर काढणाऱ्या सहाव्या सामन्यात, त्यांच्याच मैदानात, डंकनचे ३७ गुण आणि १६ रिबाउंड. मग नेट्सविरुद्धच्या अंतिम मालिकेचा सहावा सामना. आपल्याकडे तेव्हा सकाळ होती. २१ गुण, २० रिबाउंड, १० असिस्ट, ८ ब्लॉक. चौथ्या सत्रात स्पर्स पिछाडीवर असताना त्याला दोघं-तिघं घेरत होते आणि तो प्रत्येक वेळी मोकळ्या माणसाला हुडकत होता. एका माणसानं एका सामन्यात या जागेचं सगळं काम केलेलं मी दुसरं पाहिलेलं नाही.

मलोनचे ३६,९२८ गुण आहेत, डंकनचे २६,४९६. हा फरक मोठा आहे आणि मलोनचं टिकून राहणं मला मनापासून मोठं वाटतं. पण १९९७ आणि १९९८, दोन्ही अंतिम मालिका तो हरला. विजेतेपद एकही नाही. गार्नेटचा प्रश्न अवघड आहे. रिंगपासून लांब, चपळ गार्डसमोर उभं राहून बचाव करण्यात गार्नेट सरस होता, हे मी मान्य करते. मिनेसोटात त्याला साथ कमी मिळाली हेही खरं. तरीही रिंगजवळ, जिथे सामना ठरतो तिथे, मी डंकनला वर ठेवते. लॉकआउटमुळे छोटा झालेला १९९९ चा हंगाम सोडला, तर त्याच्या १९ वर्षांत स्पर्सनी प्रत्येक हंगामात किमान ५० सामने जिंकले. प्लेऑफ एकदाही हुकली नाही. २०१२ मध्ये त्यानं वर्षाचं दोन कोटी डॉलरहून मोठं मानधन एक कोटीच्या आत आणलं, त्यामुळे संघ एकत्र राहिला आणि २०१४ चं पाचवं विजेतेपद आलं.

त्याच २०१४ च्या अंतिम मालिकेत ही जागा मोडताना दिसली. लीगनं २००१ मध्ये झोन बचावाला परवानगी दिल्यापासून रिंगखाली दोन उंच माणसं ठेवणं महाग पडत चाललं होतं. मधली वाट तुंबायची आणि शॉट मारणारे मोकळे होत नसत. तिसऱ्या सामन्यापासून पोपोविचनं सेंटर टियागो स्प्लिटरला बसवलं, बोरिस दियाव सुरुवातीला आला आणि ३८ वर्षांचा डंकन मध्ये एकटा उरला. रॉबिन्सनसाठी जी जागा सोडली होती, तिच्यावर तो अखेर परतला. म्हणून आधीची सगळी वर्षं खोटी ठरत नाहीत.

२०२३ मध्ये सॅन अँटोनिओला पुन्हा पहिला क्रमांक मिळाला आणि व्हिक्टर वेम्बान्यामा आला. स्पर्सनी त्यालाही आधी डंकनसारखंच दुसऱ्या उंच माणसाच्या शेजारी, चार नंबरला उभं केलं. डिसेंबरातच निर्णय फिरला आणि त्याला सेंटरला नेलं. त्याच हंगामापासून लीगचे सर्वोत्तम संघ निवडताना फॉरवर्ड, सेंटर अशा जागा पाहणंही बंद झालं. पेटिटपासून चालत आलेल्या यादीत डंकनच्या खाली नवं नाव येणं आता कठीण आहे, आणि माझ्या मते त्याच्या वरही कोणाचं नाव नाही.