मैदान आणि समाज : क्रिकेट व फुटबॉल यांच्या इतिहासातील काही पाने

आपल्या समाजाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी आज्ञा चिटणीसांनी केली, तेव्हा मी प्रथम संकोचलो. ह्या पानांवर संत गोरोबाकाकांचे चरित्र, विद्यार्थ्यांचा गुणगौरव, समाजाच्या कार्याचा अहवाल असे विषय शोभतात. मी पडलो केवळ मॅट्रिक झालेला एक सेवानिवृत्त शिक्षक, आणि त्यातही खेळाचा वेडा. परंतु यंदाच्या बैठकीत आपल्या तरुण मंडळींनी एक सूचना मांडली, तिने माझा संकोच दूर केला. वार्षिक मेळाव्याच्या वेळी समाजाची क्रिकेट स्पर्धा भरवावी, आणि खेळाडूने प्रवेश-अर्जासोबत जातीचा दाखला जोडावा, अशी ती सूचना होय. पहिल्या भागाबद्दल मी तरुणांचे मनःपूर्वक अभिनंदन करतो. दुसऱ्या भागाबद्दल मात्र काही इतिहास त्यांच्यापुढे ठेवणे माझे कर्तव्य आहे, कारण असा प्रयोग ह्या महाराष्ट्रात पूर्वी एकदा फार मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे.

इंग्रजांनी आणलेला क्रिकेटचा खेळ मुंबईत प्रथम पारशी बांधवांनी उचलला. १८४८ साली त्यांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब स्थापिला आणि १८८६ साली त्यांचा संघ इंग्लंडचा दौरा करून आला. १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी असा सामना दरवर्षी होऊ लागला. १९०७ साली हिंदू संघ त्यात आला व स्पर्धा तिरंगी झाली. १९१२ साली मुसलमान संघ आला व ती चौरंगी झाली. १९३७ साली भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन इत्यादी उरलेल्यांचा एक संघ करून ती पंचरंगी करण्यात आली. प्रत्येक समाजाचा स्वतंत्र जिमखाना, स्वतंत्र मैदान, स्वतंत्र संघ. ह्या व्यवस्थेने काहीच दिले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ह्याच सामन्यांतून भारतीय खेळाडू घडले आणि सामान्य माणसाला खेळाची गोडी लागली. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरविले, तेव्हा गोऱ्या साहेबालाही हरविता येते, ही गोष्ट लोकांच्या मनावर ठसली.

त्या सामन्यात हिंदूंच्या विजयाचा मोठा शिल्पकार कोण होता? त्याचे नाव बाळू पालवणकर. ते चर्मकार समाजात जन्मले. पुण्यात पारशी खेळाडूंच्या मैदानाची झाडलोट करण्यापासून त्यांचे आयुष्य सुरू झाले. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात महिना ४ रुपये पगारावर ते खेळपट्टी लाटीत, जाळी लावीत आणि साहेबांना सरावासाठी तासन् तास गोलंदाजी करीत. बॅट धरणे हे साहेबाचे काम आणि चेंडू टाकणे हे नोकराचे, अशी तेथील वाटणी होती. ह्या नोकरीतूनच डावखुऱ्या फिरकी गोलंदाजीची अशी कला त्यांनी साधली की, पुण्याच्या हिंदू संघाला त्यांच्यावाचून गत्यंतर उरले नाही.

संघात घेतले, पण कसे घेतले? मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सर्वजण हाताळीत. परंतु चहाची वेळ झाली की, इतर खेळाडू पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत, आणि बाळूंना मात्र बाहेर, पिऊन फेकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यातून चहा मिळे. जेवणही वेगळ्या पानावर.

वाचकहो, कुंभाराच्या घरी जन्मलेल्या माणसाला ही हकिकत वाचून पुढे सहज जाता येत नाही. ते भांडे पुण्यातल्या कोणा कुंभाराच्या चाकावर उतरले असले पाहिजे. घडविणाऱ्याच्या मनात काही नसेल. चाकावरच्या मातीला तर जात ठाऊकच नसते. ज्या मातीच्या गाडग्यात घरात दही लावतात, ज्या मातीची पणती देवापुढे लावतात, तीच माती माणसाला माणसापासून दूर बसविण्याच्या कामी आली. दोष मातीचा नव्हे; ती ज्याच्या हाती गेली, त्याच्या मनाचा.

आणि हा दोष केवळ पुण्यातल्या थोरामोठ्यांचा होता असेही नाही. माझ्या बालपणीची एक गोष्ट सांगतो. कुंभार पिंपळगावात आमच्या घराच्या अंगणात ओली मडकी वाळत घातलेली असत आणि शेजारच्या मोकळ्या जागेत आम्ही चिंध्यांच्या चेंडूने खेळत असू. गावाच्या दुसऱ्या टोकाचा एक मुलगा आमच्यात येई. त्याच्यासारखा गोलंदाज आमच्यात दुसरा नव्हता. खेळ संपला की, आम्ही सारे ओसरीवरच्या रांजणात तांब्या बुडवून पाणी पीत असू. त्याला मात्र अंगणात उभे करून ओंजळीत वरून पाणी ओतले जाई. घरातली वडील माणसे तसे करीत, म्हणून मीही तसेच केले. दोनचार वेळा तर तांब्या माझ्याच हातात होता. काही दिवसांनी तो यावयाचा थांबला. आमचा संघ हरू लागला, तेव्हा त्याचे कारण आम्ही चेंडूत शोधले, जमिनीत शोधले. रांजणाजवळ शोधण्याची बुद्धी कोणासच झाली नाही. आपण बलुतेदार, वरच्या आळीने आपल्यालाही ओट्याच्या खालीच बसविले. तरी आपल्याहून खाली कोणी तरी आहे, ह्या समाधानाचा मोह आपल्यालाही सुटला नाही, हे कबूल केले पाहिजे.

असो. बाळूंची कहाणी पुढे पाहू. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी यथातथाच झाली; पण बाळूंनी त्या दौऱ्यात एकूण ११४ बळी घेतले. इतके असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी रीतसर देण्यात आले नाही. त्यांचे बंधू शिवराम, विठ्ठल व गणपत हेही नामांकित खेळाडू होते. १९२० साली बाळूंना वगळण्यात आले आणि विठ्ठलांचा हक्कही डावलण्यात आला, तेव्हा विठ्ठल व शिवराम ह्यांनी जाहीर निवेदन देऊन खेळण्यास नकार दिला. अखेर १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्या वर्षी तो संघ विजयी ठरला. विठ्ठलांनी पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. आपल्या तरुणांनी ते मिळवून अवश्य वाचावे.

जातीची अथवा धर्माची पाटी लावून संघ उभा केला की, तेथे बाहेरच्याला तर मज्जाव होतोच; परंतु आतल्या आत उच्च-नीच मोजण्याची खोडही जात नाही. ह्याचे दुसरे उदाहरण सांगलीच्या विजय हजारे ह्यांचे. मराठी मुलखात जन्मलेला हा थोर फलंदाज धर्माने ख्रिस्ती, म्हणून पंचरंगी सामन्यांत त्याची गणना ‘उरलेल्यां’मध्ये! १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदूंनी ५ बाद ५८१ धावांचा डोंगर रचला होता. उरलेल्यांच्या दुसऱ्या डावातील ३८७ धावांपैकी एकट्या हजाऱ्यांनी ३०९ केल्या. त्यांचे बंधू विवेक ह्यांनी २१ धावा केल्या खऱ्या; पण दोघांनी मिळून ३०० धावांची भागी केली. संघ हरला, परंतु त्या दिवशी मैदानात ‘उरलेला’ कोण, हा प्रश्न कोणालाही विचारता आला नसता. हेच हजारे पुढे भारताचे कर्णधार झाले, आणि १९५२ च्या फेब्रुवारीत मद्रास येथे इंग्लंडला हरवून भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला, तो त्यांच्याच नेतृत्वाखाली.

१९४० च्या डिसेंबरात महात्मा गांधींनी धर्मवार सामन्यांविरुद्ध स्पष्ट मत दिले. तरीही गर्दी व उत्पन्न ह्यांच्या मोहाने ते सामने काही वर्षे चालू राहिले, आणि १९४६ साली कायमचे बंद झाले. इकडे १९३४ पासून प्रांतवार रणजी स्पर्धा सुरू झालीच होती. संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर ह्यांच्या महाराष्ट्र संघाने १९३९-४० व १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे ती जिंकली. तेथे संघाची ओळख धर्माची नव्हती, भूमीची होती.

आता फुटबॉलकडे वळू. ज्या १९११ साली बाळू इंग्लंडात बळी घेत होते, त्याच वर्षी २९ जुलै रोजी कलकत्त्यास मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव करून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. अकरांपैकी दहा खेळाडू अनवाणी होते. फुटबॉल समाजभेदातून सर्वस्वी मुक्त होता असे नव्हे. कलकत्त्यात समाजाच्या नावाचे क्लब होतेच. तथापि ह्या खेळाला साहित्य थोडे लागते. एक चेंडू, मोकळी जागा आणि धावण्याची छाती, एवढ्यावर गरिबाचा मुलगा तो खेळू शकतो.

फुटबॉलचे सर्वांत उज्ज्वल पान तर आपल्या जुन्या राज्यातले आहे. आज आपण जालना जिल्ह्याचे म्हणून ओळखले जातो. पण हा जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. १९५६ पर्यंत आपला मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. त्या काळात, १९५० ते १९५४ अशी सलग ५ वर्षे, मुंबईची रोव्हर्स कप स्पर्धा हैदराबाद सिटी पोलीस संघाने जिंकली. त्यांचे गुरू सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शाळामास्तर होते, हे सांगताना मला विशेष अभिमान वाटतो. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ साली दिल्ली येथे व १९६२ साली जाकार्ता येथे आशियाई सुवर्णपदक मिळविले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक पटकाविला.

जाकार्ताचा तो संघ आठवावा. गुरू मुसलमान, कर्णधार बंगालचे चुनी गोस्वामी, सिकंदराबादचे तुळशीदास बलराम, पंजाबचे शीख जर्नेलसिंग, गोव्यात जन्मलेले फ्रँको. डोक्याला जखम होऊन टाके पडले असता जर्नेलसिंग अंतिम सामन्यात उतरले आणि त्यांनी गोल केला. हजारो प्रेक्षक विरोधात ओरडत असता दक्षिण कोरियाचा २-१ असा पराभव झाला. रहीमसाहेब तेव्हा असाध्य रोगाने ग्रासलेले होते. पुढल्याच वर्षी ते निवर्तले. ह्या गुरुजींनी खेळाडू निवडताना त्याचे पाय पाहिले, दम पाहिला. दाखला पाहिला असता, तर ते पदक भारताला मिळाले नसते.

चुनी गोस्वामींविषयी आणखी एक गोष्ट. फुटबॉलनंतर ते क्रिकेटही तितक्याच जिद्दीने खेळले आणि १९७१-७२ साली बंगालचा संघ त्यांनी रणजीच्या अंतिम सामन्यापर्यंत नेला. क्रिकेट थोर की फुटबॉल, ह्या वादाला त्यांच्या आयुष्यानेच उत्तर दिले आहे. आपल्या जालन्याचा विजय झोल २०१४ साली एकोणीस वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत भारताचा कर्णधार झाला, तेव्हा साऱ्या जिल्ह्याने ‘आपला मुलगा’ म्हणूनच त्याचे कौतुक केले.

म्हणून तरुणांना माझी विनंती अशी. स्पर्धा अवश्य भरवा. समाजाच्या नावाचा चषक ठेवा. आपल्या वाडवडिलांचे स्मरण त्याला जोडा. दूरदूरची कुटुंबे एकत्र येतील, मुलामुलींची ओळख होईल, हा लाभ लहान नाही. परंतु संघ गावाचे असू द्या, आणि ज्या गल्लीत आपला मुलगा खेळतो, त्या गल्लीतला प्रत्येक मुलगा त्या संघात येऊ द्या. मुलींसाठीही एक सामना ठेवा. आणि मैदानाच्या कडेला आपल्या हातचा एक मोठा रांजण भरून ठेवा; त्यातून सर्वांनी एकाच तांब्याने पाणी प्यावे.

माझे वडील म्हणत, ओले मडके मोडले तर त्याची पुन्हा माती करता येते. आव्यातून निघालेले मोडले की नुसते खापर उरते. दाखल्याचा तो नियम अजून ओला आहे, मंजूर व्हावयाचा आहे. तो आजच मोडून टाकावा, एवढेच ह्या म्हाताऱ्या मास्तराचे सांगणे. ज्याच्या ओंजळीत मी तांब्या ओतला, त्या माझ्या बाळमित्राचा आता ठावठिकाणा नाही. पण त्याच्यासारखा एखादा मुलगा यंदाच्या मैदानाबाहेर नक्कीच उभा असेल. त्याला आत बोलवावे.