अंबरनाथचें देवालय व परदेशी प्रवाशांच्या सफरी

गेल्या नाताळच्या सुटींत अंबरनाथचें शिवालय दाखविण्याचा एक प्रसंग आम्हांस आला. आमच्या एका स्नेह्याच्या परिचयाचें एक इंग्रज जोडपें नोकरीनिमित्त मुंबईंत राहतें. त्या बाईंच्या मातोश्री त्यांच्या भेटीस विलायतेहून आल्या होत्या. आणि या तिघांनीं दिल्ली, आग्रा, जयपूर, काशी व वेरूळ अशी महिनाभराची यात्रा उरकून घेतली होती. परत जाण्यापूर्वीं एक दिवस शिल्लक राहिला, तो अंबरनाथास द्यावा असें ठरून आम्ही सकाळच्या गाडीनें निघालों. गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरून खालीं गेलों तों गांवांतील एक स्त्री पिंडीवर पाणी घालीत होती. तिचें होईपर्यंत आम्ही थांबलों. बाहेर आल्यावर त्या वृद्ध मातोश्रींनीं हातांतील मार्गदर्शक पुस्तकाचें पान आमच्यापुढें धरलें. हें देवालय इ. स. १८५० च्या सुमारास ‘शोधून काढण्यांत आलें’ असें वाक्य त्यांत होतें. “मग तोंपर्यंत या पिंडीवर पाणी कोण घालीत होतें?” असें त्यांनीं विचारलें.

प्रश्न साधा, पण त्याचें नीट उत्तर आम्हांस उभ्याउभ्या देतां आलें नाहीं. ‘शोध’ हा शब्द आपल्याकडील लेखनांतहि इतका रुळला आहे कीं, कोणाचा शोध व कोणास लागला, हें कोणी पाहत नाहीं. घरीं आल्यावर जुनीं पुस्तकें पुन्हां चाळून आमचें जें मत झालें तें येथें मांडतों. १८५० हें वर्ष या देवालयाच्या इतिहासांतील नव्हे, तें मुंबईहून घाटावर जाण्याच्या वाटेच्या इतिहासांतील आहे, असें आम्हांस वाटतें.

परदेशी लोकांच्या या सफरींचा प्रघात बराच जुना आहे. हिंदुस्थानांत चाकरीस असलेल्या साहेबाकडे विलायतेहून कोणी आप्त यावें, थंडीच्या दिवसांत त्यास चार ठिकाणें दाखवावीं, आणि त्या आप्तानें घरीं लिहिलेल्या पत्रांचें किंवा रोजनिशीचें मागाहून पुस्तक व्हावें, अशीं उदाहरणें बरींच आहेत. गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड हा अविवाहित; त्याच्यासह आलेल्या त्याच्या बहिणींपैकीं एमिली ईडन हिनें १८३७ ते १८४० या काळांतील उत्तर हिंदुस्थानच्या प्रवासांत आपल्या बहिणीस लिहिलेलीं पत्रें १८६६ सालीं छापून निघालीं. बेळगांवच्या किल्ल्यांतील मुक्कामावर मिसेस गथ्री या बाईंनीं दोन भागांचें पुस्तक १८७७ सालीं प्रसिद्ध केलें. आमच्या विषयास सर्वांत जवळची मात्र मराया ग्रॅहम. ही १८०८ सालीं आपल्या वडिलांबरोबर विलायतेहून निघाली, मुंबईंत राहिली, आणि १८०९ च्या डिसेंबरांत तेथेंच तिचें लग्न झालें. तिची रोजनिशी १८१२ सालीं एडिंबरो येथें छापली. तींत घारापुरी आहे, कार्लें आहे, पुणेंहि आहे. अंबरनाथ नाहीं.

अशा ठिकाणीं घाईनें निष्कर्ष काढणारा म्हणेल कीं, पाहा, इतक्या चौकस बाईसहि जें ठाऊक नव्हतें तें देवालय रानांत बुजून गेलें असलें पाहिजे. हें अनुमान खोटें आहे, आणि तें खोटें कसें हें नकाशा पुढें ठेवला म्हणजे तत्काळ कळतें. मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी त्या काळीं कल्याणास जातच नसे. तो बंदरावर होडींत बसे, खाडीनें पनवेलीस उतरे, आणि तेथून पालखीनें किंवा घोड्यावर खोपोलीस येऊन बोरघाट चढे. १८३० सालीं सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दींत बोरघाटांतून गाडीरस्ता झाल्यावर तर पनवेलीची वाट अधिकच वाहती झाली. कार्लें या वाटेवर आहे म्हणून तें प्रत्येक पुस्तकांत आहे. दुसरी वाट कल्याणाहून पूर्वेस मुरबाडावरून नाणेघाटाकडे जाणारी. ती सातवाहनांच्या वेळेपासूनची. डॉक्टर जॉन फ्रायर १६७५ सालीं जुन्नरास गेला तो कल्याण-मुरबाडच्या बाजूनें. अंबरनाथ कल्याणच्या आग्नेयेस दोन-अडीच कोसांवर वालधुनी नदीच्या कांठीं, म्हणजे या दोन्ही वाटांच्या मधल्या बेचक्यांत. जो त्या गांवींच जाण्यास निघाला असेल त्यासच तें दिसावें, अशी त्याची जागा.

येथें एक आक्षेप आहे आणि तो आम्ही लपवीत नाहीं. १७८० सालीं इंग्रजांची फौज या मुलुखांत लढत होती. कल्याण त्यांनीं घेतलें होतें, आणि कॅप्टन अ‍ॅबिंग्टन यानें मलंगगडावर चढाई केली होती. मलंगगड अंबरनाथच्या नजरेच्या टप्प्यांत आहे. मग वाट नव्हती असें कसें म्हणावें? आमचें उत्तर असें कीं, लष्करी मनुष्य पाणी, चारा, दाणा व तोफा चढविण्याची सोय हीं पाहतो. कोरीव नक्षी पाहण्यास त्यास सवड नसते. मोहिमेच्या वृत्तांतांत देवालयाचें वर्णन शोधणें म्हणजे नाणेघाटाच्या जकातीच्या हिशेबांत काव्य शोधण्यासारखें आहे. देवालयाचें वर्णन लिहिलें जाण्यास वाट लागते तशीच सवडहि लागते, आणि या दोहोंची गांठ अंबरनाथाशीं पडण्यास आगगाडी यावी लागली.

मुंबई ते ठाणें हा लोहमार्ग १६ एप्रिल १८५३ रोजीं सुरू झाला, १८५४ च्या मे महिन्यांत तो कल्याणपर्यंत गेला, आणि १८५६ च्या मे महिन्यांत कल्याणाहून आग्नेयेस पळसदरी-खोपोलीपर्यंत पोंचला. पनवेलीचें महत्त्व गेलें तें येथून. ज्या बेचक्याकडे कोणी फिरकत नव्हतें, त्यांतूनच आतां घाटाचा राजमार्ग निघाला. बदलापूर हें घोडे बदलण्याचें ठिकाण म्हणून तें नांव, अशी लोकव्युत्पत्ति सांगतात. ती खरी असो वा नसो, तेथें आतां घोडा बदलण्याचें कारण उरलें नाहीं. १८७६ सालीं रिचर्ड बर्टन व त्याची पत्नी इझाबेल हीं माथेरान पाहण्यास गेलीं तीं नेरळपर्यंत आगगाडीनें. म्हणजे अंबरनाथ व बदलापूर यांवरूनच. मराया ग्रॅहम व इझाबेल बर्टन यांच्यामध्यें सदुसष्ट वर्षें गेलीं. तेवढ्यांत देवालय हललें नाहीं, वाट हलली.

आगगाडीनंतरची हकीकत जाणत्यांस ठाऊक आहे. १८६८ सालीं मुंबई सरकारनें जमशेटजी जिजीभाई कलाशाळेच्या टेरी साहेबाकडून व तेथील विद्यार्थ्यांकडून या देवालयाचीं रेखाटनें व शिल्पांचे सांचे करविले, आणि १८७४ सालीं बर्जेस यानें ‘इंडियन अँटिक्वरी’ या मासिकांत तीं चित्रें प्रसिद्ध केलीं. मंडपाच्या बाह्यांगावरील शिल्पांच्या ओळी, तीन बाजूंचे मुखमंडप, गळून गेलेलें शिखर, मंडपापेक्षां बराच खोल असलेला गाभारा, हें सर्व त्यांत आहे. कझिन्स यानेंहि १९३१ च्या ग्रंथांत त्याचा परामर्श घेतला आहे.

शिलालेखाविषयीं मात्र थोडें थांबलें पाहिजे, कारण तो संग्राहकांच्या उपयोगाचा आहे. डॉ. भाऊ दाजी यांनीं या लेखांतील शक ७८२ असा वाचला, म्हणजे इ. स. ८६०. पुढें त्यांचेच सहायक पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असल्याचें दाखविलें. एका आंकड्याच्या वळणाचा हा प्रश्न, पण अंतर दोनशें वर्षांचें. लेख शिलाहार राजा मुम्मुणि (लेखांत माम्वाणि) याच्या वेळचा असून त्यांत छित्तराजाच्या भवनाचा उल्लेख आहे. आणि छित्तराजाचा भांडुप येथें सांपडलेला ताम्रपट शके ९४८ चा आहे. ज्या राजानें शके ९४८ मध्यें दान दिलें त्याचें भवन शके ७८२ मध्यें कसें उभें असेल? ताम्रपट व शिलालेख शेजारीं ठेवले कीं वाद राहत नाहीं. गुरूची चूक शिष्यानें सुधारली, आणि ती आधारासह सुधारली, हें आपल्या शास्त्राचें भूषणच होय. व्यवहारांत याचा उपयोग असा कीं, अंबरनाथचीं जुनीं चित्रें किंवा छायाचित्रांचीं पुस्तकें हातीं आलीं व त्यांवर ८६० हें साल आढळलें, तर तो मजकूर भाऊ दाजींच्या वाचनावरून आलेला आहे, त्यापूर्वींचा नव्हे. कागदावर तारीख नसली तरी त्याचा काळ ठरविण्यास ही एक खूण आहे.

आतां मूळ प्रश्न. पाणी कोण घालीत होतें? गांवानें नांव घेतलें तें देवाचें. अंबरनाथ हें नांव कोणा सर्वेक्षकानें नकाशावर बसविलेलें नाहीं. तें लोकांच्या तोंडचें आहे. ठाणें जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरांत येथील महाशिवरात्रीच्या जत्रेची नोंद आहे. कोणी म्हणेल कीं ती जत्रा आगगाडीमुळें भरूं लागली असेल. गाडीनें ती वाढली असेल, हें आम्हांस मान्य. परंतु ओसाड पडलेल्या देवाची जत्रा केवळ लोहमार्ग जवळून गेला म्हणून भरत नाहीं. ज्यांनीं पूजा चालू ठेविली त्यांनीं प्रवासवर्णन लिहिलें नाहीं, एवढाच त्यांचा दोष.

परततांना गाडी उल्हासनगरावरून आली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांस कल्याणच्या लष्करी छावणींत जागा दिली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें त्या वसाहतीची कोनशिला बसून तिला हें नांव मिळालें. नदीच्या नांवावरून नगराचें नांव पडलें, हें ऐकून त्या जोडप्यास मौज वाटली. आपला देश सोडून दुसरीकडे राहणें म्हणजे काय, हें त्यांस थोडेंफार ठाऊक होतें. तथापि दोन वर्षांनीं घरीं परत जाणारा आणि परत जाण्यास घरच न उरलेला, यांतील भेद त्या मातोश्रींनींच आपल्या मुलीस समजावून सांगितला. वालधुनीच्या पाण्याचा रंग व वास यांबद्दल त्यांनीं कांहीं विचारलें नाहीं, हा त्यांचा सभ्यपणा.

जातां जातां आणखी एक गोष्ट वाचकांच्या निदर्शनास आणावयाची आहे. अंबरनाथास स्वीडिश भांडवलाचा आगपेट्यांचा मोठा कारखाना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत निघाला. त्यामुळें या गांवाचा परदेशी लोकांशीं संबंध हा केवळ एका दिवसाच्या सहलीचा राहिला नाहीं. अशा कुटुंबांनीं, व त्यांच्याकडे आलेल्या आप्तांनीं, घरीं नेलेलीं छायाचित्रें व पत्रें हीं देवालयाच्या पडझडीचा क्रम ठरविण्यास सरकारी चित्रांइतकींच उपयोगी पडतील. कारण सरकारी चित्रकार एकदां येतो आणि जातो, शेजारीं राहणारा वर्षानुवर्षें पाहतो. हौशी छायाचित्रांत माणसें पुढें उभीं असतात व देऊळ मागें अर्धें दिसतें, म्हणून संग्राहक तीं बाजूस टाकतात. तसें करूं नये. तसेंच कल्याण प्रांतांतील जुन्या घराण्यांच्या दप्तरांत या देवाच्या पूजेअर्चेच्या खर्चाचे मोडी कागद असल्यास, त्यांच्या नकला तारीख व शिक्क्यांसह उतरून प्रसिद्धीस द्याव्या. त्या विलायतेच्या पत्त्यावर पाठविण्याचें आम्हीं कबूल केलें आहे.