वऱ्हाडची काळी माती आणि चारही चाकांनी ओढणारी जीप

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील अकोला आणि अमरावती जिल्ह्यांची खोल काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून फुगते व चिकट होते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे कापसाला मानवणारी ही माती चार महिने चाकाला मात्र जागचे हलू देत नसे. उत्तरेकडे मेळघाटात वाट खडकाळ असली, तरी सिपना, खंडू, खापरा आणि गाडगा या नद्या व त्यांना मिळणारे नाले ती वारंवार अडवतात. या दोन्ही प्रदेशांत जुनी जीप का टिकली आणि कशाने बिघडत राहिली, याचे उत्तर यंत्रापेक्षा जमिनीत अधिक सापडते.

दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या, आणि 1940 च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत त्याच घराण्यातील गाड्यांची जुळणी सुरू केली. 1973 साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटचा समावेश झाला, तेव्हा परतवाड्याहून घटांग, सेमाडोह, हरिसाल मार्गे धारणीकडे जाणाऱ्या वाटेवर आणि तिच्या आडरानातील फाट्यांवर अशा गाडीची गरज अधिकच वाढली.

या जीपमध्ये गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या व मागच्या आसांकडे वाटणारी दुसरी पेटी, बसवलेली असते. पुढचा आस जोडला की दोन्ही आसांचे दांडे एकाच गतीने फिरू लागतात. परंतु वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठे वर्तुळ काटत असल्याने त्यांना अधिक अंतर जावे लागते. चिखलात चाक थोडे घसरते आणि हा फरक निघून जातो. अकोला आणि अमरावती यांना जोडणाऱ्या डांबरी महामार्गावर मात्र तो निघायला जागा नसल्याने दांड्यांत पीळ साचतो, स्टिअरिंग जड होते आणि जोडणीची दांडी अडकून बसते. पुढे नवे व मागे झिजलेले टायर असतील, तर सरळ रस्त्यावरही तेच घडते. अशा वेळी दांडीवर जोर करण्याऐवजी गाडी थोडी मागे घेतली किंवा एक चाक जॅकवर उचलले की पीळ सुटतो. युद्धकालीन जीपच्या ट्रान्सफर केसमधील मधला शाफ्ट पाऊण इंच जाडीचा होता व पुढे तो सव्वा इंचापर्यंत वाढवण्यात आला, यावरूनही त्या भागावर येणाऱ्या ताणाची कल्पना येते.

पावसाळ्यातील बिघाड निराळे, आणि अधिक फसवे. डिफरन्शिअल, म्हणजे वळणावर एकाच आसाच्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दंतचक्रांची रचना, लांब प्रवासात तापते. ती गरम असतानाच गाडी नदीच्या थंड पाण्यात शिरली की आतील हवा आकसते, आणि हवा जाण्यायेण्याचे छिद्र चिखलाने बुजले असेल तर ऑइल सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. पाणी तेलापेक्षा जड असल्याने गाडी रात्रभर उभी ठेवून तळाचा नट हळूच सैल केल्यास आधी पाणीच बाहेर येते. तेल दुधाळ झाले असेल, तर ती दोन्ही आधीच घुसळली गेली आहेत असे समजावे. ही तपासणी टाळली तर बेअरिंगला गंज चढतो आणि काही महिन्यांनी घरघर ऐकू येते, तोवर कारण विस्मरणात गेलेले असते.

पुढच्या चाकाजवळ, जिथे आस स्टिअरिंगबरोबर वळतो, तिथे पोलादी गोळ्याच्या आकाराचे घर असते व त्याच्या तोंडाशी नमद्याची पट्टी बसवलेली असते. काळा चिखल वाळला की दगडासारखा कठीण होतो, ही पट्टी खातो आणि आतील ग्रीसमध्ये उतरतो. मग किंगपिनचे, म्हणजे ज्यावर चाक डावी-उजवीकडे वळते त्या खुंटाचे, बेअरिंग ढिले होऊन ठराविक वेगाला स्टिअरिंग थरथरू लागते. येथे घाईने टाय-रॉड बदलण्याची चूक सर्रास होते. योग्य रीत अशी की चाक जॅकवर उचलावे, वर आणि खाली धरून हलवावे, आणि त्याच वेळी दुसऱ्याने ब्रेक दाबावा: हालचाल थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, आणि तशीच राहिली तर किंगपिनचा असतो. किंगपिनच्या टोपीखालील पातळ पत्र्याच्या चकत्या कमी करून बरीचशी ढिलाई काढता येते. सुटे भाग दुर्मिळ असताना, केवळ पाने, जॅक आणि चकत्या यांवर भागणाऱ्या अशा दुरुस्तीचे मोल फार मोठे होते.

रस्ते डांबरी झाले, नद्यांवर पूल आले आणि प्रवासी वाहून नेणाऱ्या काळीपिवळी जीपना मागच्या चाकांची ओढ बहुधा पुरेशी ठरली. आता उरलेल्या चार चाकी ओढीच्या जुन्या जीपमध्ये वापराइतकाच न वापरण्याचा दोषही आढळतो: पुढचा आस वर्षानुवर्षे जोडलाच न गेल्याने दांडीचे सांधे गंजतात, प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसमधील ग्रीस सुकते आणि सीलचे रबर कडक होऊन तडकते. म्हणून अशी गाडी तपासताना ती आधी नांगरट केलेल्या शेतात किंवा नदीच्या वाळूत नेऊन, पुढचा आस जोडून थोडे अंतर चालवावी लागते, कारण डांबरी रस्त्यावर हा दोष दिसतच नाही.