व्यवसायमूलक देशांतर

व्यवसायमूलक देशांतर : परदेशात नवा उद्योग स्थापून अथवा चालता व्यवसाय खरेदी करून तेथील रहिवासाचा हक्क संपादन करण्याची पद्धती. यात स्थलांतरिताचे भांडवल, उद्योगाची व्यवहार्यता आणि त्यातून निर्माण होणारा रोजगार यांची परीक्षा तेथील सरकार घेते. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने निर्माण केलेल्या ईबी-५ वर्गात, २०२२ च्या सुधारणेनंतर, सामान्यतः १०.५ लाख डॉलर आणि ग्रामीण वा बेकारीग्रस्त प्रदेशात ८ लाख डॉलर गुंतवून किमान १० पूर्णवेळ नोकऱ्या निर्माण कराव्या लागतात. अल्प भांडवलाचा ई-२ परवाना अमेरिकेशी तहनाम्याने बांधलेल्या देशांपुरताच असल्याने भारतीय नागरिकांस मिळत नाही.

नागपूर जिल्ह्यातील नरखेड तालुक्यासारख्या संत्र्याच्या मुलखातील बागायतदाराने हा मार्ग पत्करल्यास भांडवलाचा उगम सिद्ध करणे हीच मुख्य कसोटी ठरते. कारण शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरमुक्त असल्याने केवळ करविवरणपत्रावर भिस्त ठेवता येत नाही, आणि सातबारा, खरेदीखत, विक्रीच्या पावत्या व बँकेचे हिशेब यांची अखंड शृंखला सादर करावी लागते. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार निवासी व्यक्तीस उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंतच रक्कम परदेशी धाडता येते.

मराठी समाजात दुबईचे दातार कुटुंब हे परदेशी व्यवसाय उभारण्याच्या उद्यमशीलतेचे ठळक उदाहरण होय : महादेव दातार यांच्या छोट्या किराणा दुकानातून पुत्र धनंजय यांनी अल अदिल समूह उभारला. वडिलोपार्जित जमीन विकण्यापूर्वी परक्या बाजारपेठेचा प्रत्यक्ष अनुभव घेणे, हेच बागायतदाराच्या कुटुंबाच्या भवितव्याचे खरे संरक्षण होय.