एक वास्तू, चार प्रार्थना

जुन्या वस्तीत फिरताना डोळ्यांना दिसतो तो आजचा दिवस. कालचे कुणीतरी सांगावे लागते. म्हणून ध्वनिमुद्रित निवेदन कानाला लावून आपल्या चालीने फिरण्याची सोय मोलाची वाटते. हवे तिथे थांबावे, हवे ते पुन्हा ऐकावे.

पूर्व लंडनचा स्पिटलफील्ड्स भाग असाच ऐकत पाहावा. १६८५ मध्ये फ्रान्सच्या राजाने प्रॉटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले, तेव्हा तिथले अनेक रेशीम विणकर इथे आश्रयाला आले. ब्रिक लेनवर १७४३ मध्ये त्यांनी चर्च बांधले. पुढे ते मेथडिस्ट पंथीयांचे प्रार्थनागृह झाले. रशियातल्या छळातून निसटलेल्या ज्यूंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे आपले सिनेगॉग केले. १९७६ पासून ती मशीद आहे. तिथे नमाज पढणारे बहुतेक मूळचे बांगलादेशातले. विटा त्याच, प्रार्थनेची भाषा तेवढी बदलत गेली.

निवेदन इथेच थांबले तर ते गोड होईल, पण अपुरे. याच परिसरात ४ मे १९७८ रोजी अलताब अली या कापड कारखान्यातल्या तरुण कामगाराची वर्णद्वेषातून हत्या झाली. हजारो लोक त्याच्या शवपेटीमागून डाउनिंग स्ट्रीटपर्यंत चालत गेले. आज त्याच्या नावाचे उद्यान तिथे आहे.

आपल्या जुन्या पेठांसाठीही अशी निवेदने व्हावीत. मात्र त्यांत उत्सवांबरोबर जखमाही सांगितल्या जाव्यात. वाटाड्याने वाट सोपी करावी, इतिहास नव्हे.