मुंग्या, मार्माइट आणि सदाफुली

एरवी आपण माणसांनी काय घडवलं ते पाहतो. आज ज्यांना हातच नाहीत, त्यांनी काय घडवलं आणि ते आपल्याला कसं कळलं, हे पाहायचं आहे. सुरुवात माझ्या घरापासून करते.

आम्ही इंदूरला राहतो. घर पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. काही वर्षांपूर्वी आईला सारखा थकवा येऊ लागला. दवाखान्यात रक्त तपासलं, हिमोग्लोबिन कमी निघालं. लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन-तीन महिन्यांत आकडा सुधारला आणि आम्ही निश्चिंत झालो. पण आई म्हणायची, "अगं, तळपायाला मुंग्या येतात. चप्पल पायातून निघाली तरी कळत नाही." उत्तर मिळालं, रिपोर्ट चांगला आहे, बाकी वयाचं आहे. असं एक वर्ष गेलं. मग दुसऱ्या डॉक्टरांनी बी-१२ तपासायला लावलं. ते फारच कमी होतं. इंजेक्शनं सुरू झाली, मुंग्या कमी झाल्या, तोल सावरला. बोटांचा बधिरपणा मात्र आजही थोडा आहे.

माझ्या डोक्यात एकच प्रश्न राहिला. गोळ्यांनी रक्त सुधारलं, मग पाय का बिघडत गेले? उत्तर शोधता शोधता मी १९२८ सालच्या मुंबईत पोहोचले.

त्या वर्षी ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. काम परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये. शहरातल्या गरीब वस्त्यांत, गिरणी कामगारांच्या घरांत, गरोदर बायकांना एक विचित्र रक्तक्षय होत होता. तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या आणि अर्धवट वाढलेल्या. कितीतरी जणी त्यात दगावत. विल्सबाईंनी आधी जंतुसंसर्ग शोधला, तो सापडला नाही. मग त्यांनी या बायका काय खातात, ते पाहायला घेतलं. सगळ्यात वाईट अवस्था ज्यांची, त्यांचंच ताट सगळ्यात रिकामं होतं.

पुढे त्यांनी माकडांना तसाच निकृष्ट आहार दिला. माकडांनाही तसाच रक्तक्षय झाला. आणि तो बरा झाला मार्माइटने! मार्माइट म्हणजे बिअरच्या कारखान्यात उरलेल्या यीस्टचा काळपट, खारट अर्क. इंग्रज लोक तो पावाला लावून खातात. मग तोच अर्क रुग्ण बायकांना दिला. रक्त भरून येऊ लागलं. १९३१ मध्ये हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं.

यीस्टमध्ये नेमकं काय होतं, हे कळायला आणखी दहा वर्षं लागली. १९४१ मध्ये अमेरिकेत तब्बल चार टन पालकाच्या पानांतून ते द्रव्य वेगळं काढलं गेलं. पानाला लॅटिनमध्ये फोलियम म्हणतात, म्हणून नाव पडलं फॉलिक ॲसिड. १९४५ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार झालं, लेडर्ले कंपनीत. तिथल्या संशोधनाची धुरा होती भीमावरमला जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे.

आता आईच्या पायांकडे परत येऊ. पर्निशियस ॲनिमिया नावाचा आणखी एक जीवघेणा रक्तक्षय होता. १९२६ मध्ये मायनॉट आणि मर्फी यांनी दाखवलं होतं की भरपूर यकृत खायला दिलं, तर हे रोगी वाचतात. पण त्या रोगावर चालणारा यकृताचा शुद्ध अर्क विल्सबाईंच्या रुग्णांना लागू पडत नव्हता. कच्चा अर्क मात्र पडत होता. म्हणजे द्रव्यं दोन होती. तरीही फॉलिक ॲसिड हाती येताच डॉक्टरांनी ते पर्निशियस ॲनिमियाच्या रोग्यांनाही देऊन पाहिलं. रक्त सुधारलं, पण हातापायांच्या नसा खराब होतच राहिल्या. आमच्या घरी घडलं तेच पुस्तकात सत्तर वर्षांपूर्वी नोंदलेलं होतं. दुसरं द्रव्य १९४८ मध्ये लालभडक स्फटिकांच्या रूपात मिळालं. तेच बी-१२.

याचं कारण सोपं करून सांगते. नवी पेशी बनवायची तर तिचा डीएनए लिहायला फोलेट लागतं. वापरलेलं फोलेट पुन्हा कामाला लावायला बी-१२ लागतं. बी-१२ नसेल, तर फोलेट अडकून पडतं आणि रक्त बनणं खोळंबतं. बाहेरून जास्तीचं फॉलिक ॲसिड दिलं की ती अडचण तेवढी दूर होते. पण नसांच्या आवरणासाठी बी-१२ जे काम करतं, ते कुणीच करत नाही. रिपोर्ट चांगला, पाय वाईट.

मग ही द्रव्यं बनवतं कोण? आपण नाही. फोलेट वनस्पती बनवतात, यीस्ट बनवतं, बहुतेक जिवाणू बनवतात. पालकाच्या एका पेशीत हे काम तीन ठिकाणी चालतं. एक तुकडा पेशीच्या द्रवात तयार होतो, दुसरा हरितलवकात, आणि ग्लुटामिक ॲसिड जोडून जुळणी होते ती तंतुकणिकेत, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात. आपल्याकडे ही व्यवस्था नाही, आणि त्याचा एक फायदाही झाला. सल्फा औषधं जिवाणूंची फोलेट बनवण्याची पायरीच बंद पाडतात. आपल्यात ती पायरीच नसल्यामुळे जिवाणूंची वाढ थांबते आणि आपण वाचतो.

बी-१२ ची गोष्ट याहून निराळी. ते वनस्पतीही बनवत नाहीत, यीस्टही नाही. फक्त काही जिवाणू आणि आर्किया नावाचे सूक्ष्मजीव बनवतात. सुमारे तीस पायऱ्या, आणि मधोमध कोबाल्टचा एक अणू. गायीच्या पोटातले जिवाणू ते बनवतात, म्हणून दुधात थोडंफार येतं. आपल्या मोठ्या आतड्यातले जिवाणूही बनवतात, पण ते शोषून घेणारी जागा त्याच्या आधीच, लहान आतड्याच्या शेवटी असते. माल तयार होतो तो दुकान मागे पडल्यावर!

या रेणूची रचना डोरोथी हॉजकिन यांनी १९५६ पर्यंत उलगडली. तो माणसांनी बनवून पाहिला तेव्हा अमेरिकेत रॉबर्ट वुडवर्ड आणि स्वित्झर्लंडमध्ये आल्बर्ट एशेनमोझर यांच्याकडे मिळून शंभरच्या आसपास रसायनतज्ज्ञ खपले, दहाहून अधिक वर्षं. जिवाणू हे काम रोज करतो. म्हणून आईचं इंजेक्शन आजही जिवाणूंच्याच टाक्यांतून येतं.

हेच वुडवर्ड आपल्याला गोष्टीच्या दुसऱ्या भागात नेतात. त्यांनी १९५६ मध्ये रेसर्पिन बनवलं होतं. रेसर्पिन हे आपल्या सर्पगंधेच्या मुळातलं अल्कलॉइड. अल्कलॉइड म्हणजे वनस्पतींनी बनवलेली नायट्रोजनयुक्त, बहुधा कडू द्रव्यं. चहातलं कॅफीन, तंबाखूतलं निकोटीन, सिंकोनाच्या सालीतलं क्विनीन, ही सगळी त्याच घराण्यातली. सर्पगंधा आपल्याकडे सर्पदंशावर आणि वेडावर वापरत. १९३१ मध्ये दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनी तिच्यातून एक अल्कलॉइड काढलं आणि हकीम अजमल खानांच्या नावावरून त्याला अजमलीन म्हटलं. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबावर सर्पगंधेचा अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि जगाचं लक्ष वेधलं गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये रेसर्पिन वेगळं झालं.

सर्पगंधा हे बनवते कसं? सुरुवात ट्रिप्टोफॅनपासून होते. हे साधं अमिनो आम्ल, आपल्या डाळीतही असतं. एक विकर त्याचा एक तुकडा काढून टाकतं. आता गंमत पाहा, या विकराला हाताशी हत्यार लागतं ते बी-६ चं! झाड ते जीवनसत्त्व स्वतःच बनवतं आणि त्याच्याच मदतीने पुढचा माल घडवतं. मग त्याला सेकोलोगॅनिन नावाचा दुसरा रेणू जोडला जातो आणि स्ट्रिक्टोसिडीन तयार होतं. हे एक मोठं जंक्शन समजा, आपल्या इटारसीसारखं. इथून एक गाडी सर्पगंधेच्या रेसर्पिनकडे जाते, एक सिंकोनाच्या क्विनीनकडे, एक सदाफुलीकडे.

म्हणजे बहुतेक ब जीवनसत्त्वं ही सगळ्या सजीवांची सामाईक हत्यारं, आणि अल्कलॉइड हा त्या हत्यारांनी घडवलेला, ज्याच्या त्याच्या घराण्याचा माल. आणि तो आपल्यासाठी घडवलेला नाही. सदाफुलीच्या पेशीत स्ट्रिक्टोसिडीन एका कप्प्यात असतं आणि त्याला फोडणारं विकर दुसऱ्या. अळीने पान चावलं की दोन्ही एकत्र येतात आणि तिच्या तोंडी विष जातं. या सदाफुलीतून पुढे कॅन्सरवरची व्हिनब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन ही औषधं मिळाली. पानांत ती इतकी थोडी असतात की ढीगभर पानांतून चिमूटभर निघतात.

म्हणून २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी काय केलं? सदाफुलीची जनुकं यीस्टमध्ये बसवली आणि व्हिनब्लास्टिनचे दोन्ही अर्धे भाग त्याच्याकडून बनवून घेतले. यीस्ट! ज्याच्या अर्काने मुंबईतल्या त्या बायका वाचल्या, तेच. त्या बायकांची नावं आपल्यापर्यंत आलेली नाहीत. पण पुढे जगभर गरोदर बायकांना फॉलिक ॲसिडची गोळी मिळू लागली, त्याची सुरुवात त्यांच्या रिकाम्या ताटापासून झाली.

आमच्या गॅलरीत सदाफुलीची कुंडी आहे. आई रोज सकाळी तिला पाणी घालते, एका हाताने कठडा धरून. तुम्ही बडोद्यात असा, बेळगावात असा की हैदराबादेत, घरात कुणी शाकाहारी वडीलधारं असेल आणि पायाला मुंग्या येतात म्हणत असेल, तर वयावर ढकलू नका. हिमोग्लोबिन चांगलं आलं म्हणून थांबू नका. डॉक्टरांना विचारा, बी-१२ पाहायचं का? आम्ही तो प्रश्न वर्षभर उशिरा विचारला.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.