भिंतीवरील हिरवें विष
आपल्याकडे भिंतीस चुना द्यावयाचा, इंग्लंडांत छापील कागद चिकटवावयाचा, ही जुनी चाल. त्यामुळें तेथें जुनें घर विकत घेणारा गृहस्थ डागडुजी आरंभितो, तेव्हां कागदाखालीं कागद निघत जातो. या थरांत कधीं कधीं विषहि दडलेलें असतें.

अशा कागदांवर १७१२ सालीं बसविलेला कर १८३६ सालीं उठला. पुढें यंत्रावर छापलेला स्वस्त कागद मध्यम स्थितीच्या घरांतहि पोंचला. त्यांतील मोहक हिरवा रंग पुष्कळदा सोमल व तांबें यांच्या संयोगाचा असे. असा एक रंग शील या रसायनशास्त्रज्ञानें १७७५ सालीं शोधून काढला होता. १८९० नंतरच्या दशकांत इटलींतील गोझिओ यानें दाखविलें कीं, सोमलयुक्त पदार्थांवर वाढणारी बुरशी लसणीच्या वासाचा वायु सोडते. ओलसर भिंतींविषयींचा जुना संशय त्यामुळें बळावला.

त्या रंगाची आवड ओसरली, परंतु भिंतींतला सोमल नाहींसा झाला नाहीं. तो थर कोरडा खरवडल्यास धूळ श्वासांत जाते. यास्तव आधीं तुकड्याची रासायनिक परीक्षा करवावी, मगच काम हातीं घ्यावें. निर्दोष ठरलेल्या कागदाचा एखादा तुकडा मात्र जपून ठेवावा. घराचा इतिहास त्यावर छापलेला असतो.